मावशीचा राघू आणि माझं कासव

दर रविवारी सकाळी मी मागच्या बाल्कनीतला टब उपसतो. टबात एक कासव राहतं. अकरा वर्षांपूर्वी भाचीच्या वाढदिवसाला आणलं तेव्हा ते दोन रुपयांच्या नाण्याहून थोडं मोठं होतं. हिरवंगार, डोळ्यांमागे तांबडा पट्टा. फिश टँकच्या दुकानातला पोरगा म्हणाला होता, "एवढंच राहतं, काका. सकाळ-संध्याकाळ चार दाणे टाकायचे, बास." आज त्याचं कवच चांगलं भाकरीएवढं आहे. टब तीनदा बदलला. बसायला दोन विटा, वर दिवा, आणि दर आठवड्याला बदललं नाही तर पाण्याला असा वास सुटतो की खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या की आधी नाकच मुरडतात.

माझी मावशी वाईला असते. तिच्याकडे राघू आहे. वळवाच्या पावसात आंब्याची फांदी मोडली आणि ढोलीतलं पिल्लू अंगणात पडलं, ते तिने भिजवलेली डाळ भरवून जगवलं. आता तो पेरूच्या फोडीसाठी आणि हिरव्या मिरचीसाठी घर डोक्यावर घेतो. गेल्या वर्षी कुणीतरी तिला सांगितलं की पोपट पाळणं हा गुन्हा आहे. रात्री साडेनऊला तिचा फोन. "अरे, मला धरून नेतील का रे?"

मी तिला हसून धीर दिला, पण उत्तर हसण्यासारखं नाही. कंठवाला पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत येतो. त्याला घरात ठेवल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. माझ्या कासवाकडे मात्र हा कायदा ढुंकूनही बघत नाही. ते आलं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातून, त्याचं नाव रेड इअर्ड स्लायडर, आणि ते दुकानात उघड्या टबात शंभराने मिळतं. पडलेलं पिल्लू जगवणारी मावशी आरोपी, आणि शोभेची वस्तू म्हणून जिवंत प्राणी विकत आणणारा मी निर्दोष.

पोपटाचा कायदा काढून टाका, असं मला म्हणायचं नाही. त्यामागचं कारण खरं आहे. मावशीला पिल्लू अंगणात सापडलं, पण बाजारात येणारा पोपट ढोलीत हात घालून काढलेला असतो, आणि पिंजऱ्यापर्यंत पोचेतो त्याची भावंडं वाटेत मेलेली असतात. म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देशी पक्ष्यांचा व्यापार बंद झाला, ते बरंच झालं. पण दुकानं काही बंद झाली नाहीत. पिंजरे रिकामे ठेवून कुणाचं पोट भरतं? मग लव्हबर्ड आले, बजरीगर आले, कॉकाटील आले, हे सगळे परदेशी पक्षी, आणि मागोमाग इग्वाना हा मोठा सरडा, बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक हे साप, शुगर ग्लायडर हा खारीएवढा प्राणी. देशी दार लावलं तेव्हा परदेशी खिडकी सताड उघडी राहिली, आणि पुढची तीस वर्षं तिच्याकडे कुणी बघितलंच नाही. विमानतळावर पकडलं गेलेलं जनावर कस्टमच्या कायद्यात अडकायचं, पण एकदा का ते भिवंडी-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये पोचलं की ते कुठून आलं हे विचारणारं कुणी नव्हतं.

जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पहिल्यांदा हात घातला. सहा महिन्यांत आपल्याकडचे परदेशी प्राणी स्वतःहून जाहीर करा, कागदपत्रं मागणार नाही, अशी सवलत काढली. हजारो लोकांनी अर्ज केले. काळा पैसा पांढरा करून घेण्याच्या योजना आपण पाहिल्यात, तसाच हा काळी मगर पांढरी करण्याचा प्रकार. तरी मी त्याला नावं ठेवणार नाही. आहे ते मोजल्याशिवाय नियम कशावर करणार? मग २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. सहाच्या चार अनुसूची झाल्या, आणि चौथी अनुसूची खास परदेशी जीवांसाठी, म्हणजे सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतल्या प्राण्यांसाठी राखली. २८ फेब्रुवारी २०२४ ला नियम आले. परिवेश नावाच्या पोर्टलवर अर्ज करायचा, हजार रुपये भरायचे. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला, मेला, तर तेही कळवायचं.

इथवर ठीक. गोम पुढे आहे.

सायटीस हा १९७३ मध्ये वॉशिंग्टनला झालेला करार आहे. भारत त्यात १९७६ पासून आहे. त्याचं काम एकच: देशोदेशींच्या व्यापारामुळे एखादी जात जगातून नाहीशी होऊ नये. एखादा प्राणी माणसाच्या घरात सुखाने राहू शकतो का, चावला तर माणूस वाचेल का, सुटला तर इथल्या तळ्याचं काय होईल, हे प्रश्न त्या करारासमोर कधी नव्हतेच. आपण मात्र परदेशी प्राणी पाळण्याचा आपला कायदा त्या यादीवर उभा केला. परिणाम असा की ग्रीन इग्वाना यादीत आहे म्हणून त्याची नोंदणी लागते, पण कॉर्न स्नेक, लेपर्ड गेको नावाची ठिपक्यांची पाल, शुगर ग्लायडर यादीत नाहीत म्हणून त्यांना नोंदणीही नाही. आणि ज्यांना लागते त्यांच्या बाबतीतही नोंदणीचा हेतू एवढाच की प्राणी कुणाकडे आहे ते सरकारला कळावं. तो तिथे असावा का, हा त्या प्रक्रियेचा प्रश्नच नाही.

गेल्या पावसाळ्यात कासवाच्या डोळ्यांना सूज आली म्हणून मी एका जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. माझ्या आधी एक विशीतला मुलगा बसला होता, मांडीवर बुटाचा खोका. खोक्यात इग्वाना. दीड-दोन फुटांचा, रंग उडालेला, मागचे पाय थरथरतायत. डॉक्टरांनी त्याचा खालचा जबडा दोन बोटांत धरून हलकेच दाबला, तर तो रबरासारखा वाकला.

"ऊन दाखवता का याला?"

"हो सर, रोज खिडकीजवळ ठेवतो."

"खिडकीला काच आहे?"

मुलगा गप्प. सरड्याच्या जातीच्या प्राण्यांना हाडं धरायला ड जीवनसत्त्व लागतं, ते त्यांच्या कातडीत उन्हातल्या अतिनील किरणांनी तयार होतं, आणि ते किरण खिडकीच्या काचेत अडतात. काचेमागचं ऊन नुसतंच गरम. त्या मुलाने इग्वानाला अकरा महिने प्रेमाने, रोज न चुकता, खिडकीत बसवून पांगळं केलं होतं. तो रडायच्या बेतात होता, मलाच वाईट वाटलं. निघताना त्याने पिशवीतून प्लॅस्टिकचं फोल्डर काढून डॉक्टरांना दाखवलं, "पण सर, रजिस्ट्रेशन केलेलं आहे." कागद पक्के होते, हाडं कच्ची.

हा इग्वाना जगला तर पाच-सहा फुटांचा होतो. उष्ण दमट जंगलातल्या झाडांवर राहणारा शाकाहारी प्राणी तो. दोन खोल्यांच्या घरात त्याला ठेवायचा म्हणजे एक खोली त्याच्या नावावर करावी लागेल. दुकानात हे कुणी सांगत नाही, आणि सांगण्याची सक्तीही जाणवत नाही. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ मध्ये नियम झाले, दुकानाची नोंदणी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे करायची असं ठरलं. पण आपल्या गल्लीतल्या दुकानाच्या भिंतीवर तसलं प्रमाणपत्र लावलेलं कधी पाहिलंय का, आठवून बघा. आणि क्रूरतेचं म्हणाल, तर १९६० च्या कायद्यात प्राण्याचा छळ केल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला दंड आहे किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये. पन्नासच्या नोटेत आज धड मिसळपाव येत नाही.

जून २०२५ मध्ये थायलंडहून मुंबईला उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात कस्टमला ४४ इंडोनेशियन पिट वायपर सापडले, आणि तीन स्पायडर-टेल्ड हॉर्न्ड वायपर. हे दुसरे साप मूळचे इराणकडचे, शेपटीच्या टोकाला कोळ्याच्या आकाराचा गोंडा, तो हलवून पक्ष्यांना भुलवतात. दोन्ही विषारी. आता हे साप एखाद्या हौशी माणसाच्या कपाटातल्या काचपेटीत पोचले असते आणि त्याला चावले असते, तर? आपल्याकडची सर्पदंशावरची लस घोड्यांना चार सापांचं विष टोचून बनवतात: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. ससूनला न्या नाहीतर केईएमला, डॉक्टर तीच लस देणार, आणि तिच्यात इंडोनेशियाच्या सापावरचा उतारा कुठून असणार? ज्याची हौस तो तर जाईलच, पण त्या घरात मोलकरीण असते, लहान मूल असतं, शेजारी असतात. बॉल पायथन आणि पिट वायपर यांना "एक्झॉटिक" या एकाच गोंडस शब्दाखाली घालणं मला म्हणूनच पटत नाही.

माझ्या कासवाकडे परत येतो. त्याचा कंटाळा आला की लोक काय करतात ते मला ठाऊक आहे, कारण तो सल्ला मला घरातूनच मिळाला. "घाटावर ने आणि नदीत सोड. पुण्य लागेल." कासव म्हणजे आपल्याकडे विष्णूचा अवतार, देवळात शिरताना त्याला नमस्कार करायचा, त्याला मोकळं करण्यात पाप कसलं? पण हे स्लायडर कुठल्याही डबक्यात तग धरतं, खादाड आहे, आणि ऊन खायला बसण्याच्या जागेवरून देशी कासवांना हुसकतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर आक्रमक जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. केरळमध्ये ते कालव्यांत सापडू लागलं तेव्हा तिथल्या वन संशोधन संस्थेने लोकांकडून ही कासवं गोळा करायला घेतली. युरोपीय समुदायाने त्याची आयात १९९७ मध्येच बंद केली. खुद्द अमेरिकेत, त्याच्या माहेरी, चार इंचांहून लहान कासव विकायला १९७५ पासून बंदी आहे, कारण मुलं ती तोंडात घालायची आणि साल्मोनेला नावाच्या जंतूने आजारी पडायची. आणि आपण नेमकं तेच नाण्याएवढं पिल्लू मुलांच्या हातात वाढदिवसाची भेट म्हणून देतो. मीही दिलं.

कुणाला वाटेल एका कासवाने काय होतंय. उजनीच्या कोळ्यांना विचारा. शोभेच्या टाकीची काच चाटून साफ ठेवणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा आज त्यांच्या जाळ्यात येतो, काट्यांनी जाळी फाडतो, आणि बाजारात त्याला कुत्रंही खात नाही. तोही कुणीतरी असाच पुण्य म्हणून सोडला असणार. २०२२ च्या दुरुस्तीत कलम ६२-अ आहे. परक्या आक्रमक जातींची आयात, विक्री, बाळगणं यांवर केंद्र सरकार बंदी घालू शकतं. शस्त्र हातात आहे. स्लायडरचा टब मात्र दुकानात तसाच भरलेला आहे.

कायदा कुणावर चालतो तेही बघा. गारुड्याची टोपली गेली, दरवेशाचं अस्वल गेलं, बत्तीस शिराळ्याची जिवंत नागाची पूजा उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबली. जनावरांच्या बाजूने बघितलं तर हे सगळं योग्यच होतं. टोपलीतल्या नागाचे दात उपटलेले असत, अस्वलाच्या नाकात वेसण असे. पण गारुड्याच्या पोराच्या हातचा नाग काढून घेतल्यावर आपण ज्या मोबाइलवर त्याची बातमी वाचतो, त्याच मोबाइलवर गळ्यात अजगर घालून नाचणाऱ्या पोरांची रील्स बघतो. गारुड्याला पोट होतं, रीलवाल्याला फॉलोअर आहेत. मावशीसारख्यांच्या पिंजऱ्यावर धाड घालणं सोपं, कारण तिचा राघू ओट्यावर उन्हात टांगलेला असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारतो. विसाव्या मजल्यावरचा आफ्रिकन ग्रे पोपट काचेमागे असतो, आणि त्याचे कागद तयार असतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

पाळणाऱ्यांची बाजू मी ऐकली आहे, आणि ती सगळीच टाकाऊ नाही. त्यांच्यातले काही जण सापाच्या पेटीचं तापमान स्वतःच्या बाळाच्या तापापेक्षा काळजीने बघतात. त्यांचं म्हणणं असं की बॉल पायथनसारखे प्राणी कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले आहेत, ते जंगलातून ओरबाडलेले नाहीत. मुलाने एकदा साप हातात घेतला की तो पुढे आयुष्यात दिसेल त्या धामणीला काठी घालणार नाही. आणि सरसकट बंदी घातली तर धंदा फक्त अंधारात जाईल. शेवटचं म्हणणं मला सर्वांत वजनदार वाटतं. नॉर्वेने कित्येक दशकं सरपटणारे प्राणी पाळायला पूर्ण बंदी घातली होती. लोक चोरून पाळतच राहिले, आणि चोरून पाळलेला प्राणी आजारी पडला की डॉक्टरकडे नेता येत नाही. अखेर २०१७ मध्ये नॉर्वेने १९ जातींची यादी काढली: या पाळा, बाकी नाही.

मला हाच रस्ता आपल्यासाठी बरोबर वाटतो. आपला कायदा आज निषिद्ध गोष्टींची यादी करतो आणि यादीत नसलेलं सगळं मोकळं सोडतो. जगात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जातीच दहा हजारांवर आहेत. व्यापारी नवीन जात आणणार, मग आपण ती यादीत घालणार, तोवर तो तिसरी आणणार. आपण आयुष्यभर मागेच पळणार. त्यापेक्षा यादी उलटी करावी. नेदरलँड्सने १ जुलै २०२४ पासून सस्तन प्राण्यांसाठी तसंच केलं. पाळता येतील अशा ३० जाती ठरवल्या, बाकीच्यांसाठी दार बंद. ज्यांच्याकडे आधीपासून दुसरे प्राणी होते त्यांनी ते मरेपर्यंत सांभाळायचे, नवीन आणायचे नाहीत.

यादीत यायला प्राण्याने तीन परीक्षा द्याव्यात. घरात त्याच्या शरीराच्या गरजा भागतात का? तो माणसाला, निदान शेजाऱ्याला, जिवावरचा धोका आहे का? सुटला तर आपल्या नद्या-रानांत बस्तान मांडेल का? माझं कासव तिसऱ्या परीक्षेत नापास होतं, इग्वाना पहिल्या, पिट वायपर दुसऱ्या. लेपर्ड गेको कदाचित तिन्हींत पास होईल. होऊ दे, माझं काही म्हणणं नाही. देशी प्राण्यांची बंदी आहे तशीच राहावी. कुणी म्हणेल पिंजऱ्यात वाढवलेली आपली तारा कासवं विकायला काय हरकत? हरकत ही की पिंजऱ्यातलं आणि रानातलं तारा कासव दिसायला एकसारखंच असतं. २०१९ मध्ये सायटीसने त्याला सर्वांत कडक परिशिष्टात टाकलं, तरीही वास्तूसाठी, लक्ष्मीसाठी त्याला मागणी आहेच. मांडुळासारख्या निरुपद्रवी, मातीत दडून राहणाऱ्या सापाला गुप्तधनाच्या नादात लाखांचे भाव फुटतात त्या राज्यात कायदेशीर विक्रीचा आडोसा करून देणं म्हणजे आयती पळवाट.

पण यादीपेक्षाही आधी एक गोष्ट हवी, आणि तिच्याबद्दल कुठल्याच नियमात फारसं काही सापडत नाही. नको झालेला प्राणी न्यायचा कुठे? मी चार ठिकाणी फोन केले. एकाने सांगितलं, आम्ही फक्त देशी घेतो. दुसऱ्याने सांगितलं, स्लायडर आमच्याकडे आधीच इतके आहेत की हौदात पाणी कमी आणि कासवं जास्त. तिसऱ्याने उचलला नाही. चौथ्या बाई फार चांगल्या बोलल्या, पण शेवटी म्हणाल्या, "तुम्हीच सांभाळा ना, तुम्हाला सवय आहे." जिल्ह्यागणिक एक जागा, जिथे कुठलाही प्राणी, देशी असो की परदेशी, कागद असो की नसो, विनाचौकशी ठेवून घेतला जाईल, आणि तिचा खर्च विक्रीवर कर लावून दुकानांकडून काढावा. मावशीचा राघूही तिथे जाऊ शकेल, जर ती त्याला देणार असेल तर. आता त्याला आकाशात सोडलं तर संध्याकाळच्या आत घार नेईल, हे तिलाही कळतं.

तोवर हिशेब असा आहे. नीट सांभाळलं तर हे कासव तिशी ओलांडतं. ते अकराचं आहे, मी अठ्ठावन्नचा. परवा भाचीचा व्हिडिओ कॉल आला होता, मी फोन बाल्कनीत नेऊन टबावर धरला. ती दोन क्षण बघत राहिली आणि म्हणाली, "मामा, ते अजून आहे?"